फोलपटांची आच

सूर्यफुलाच्या बीतलं तेल निघून गेलं
की उरतं ते फोलपट.
आमच्याकडे त्याचे ढीग असतात गिरणीमागे, काळे, हलके,
वारा सुटला की थेट द्नीप्रोच्या पाण्यावर जाऊन तरंगणारे.
बाकांखाली तेच. बसथांब्यावर तेच.
पारास्का मावशी दातांत बी फोडते
आणि ओठाच्या कोपऱ्यात दहा-दहा टरफलं साठवत
बोलत राहते, एकही न सांडता.

ती टरफलं मला लोखंडाच्या कामाला लावायची होती.

बारीक खनिज झोतभट्टीत तसंच ओतता येत नाही,
हवेची वाट कोंदते.
म्हणून आधी ते चुन्यात, कोळशाच्या चुरीत,
पाणी शिंपडून पिंपात घोळवायचं.
थर लावायचा. वरून पेटवायचा. खालून हवा ओढायची.
मग आग खाली उतरते,
मिनिटाला बोटभर,
म्हातारं माणूस जिना उतरतं तशी,
आणि मागे ठेवते निळसर, भोकाभोकांची ढेप.
चूर शंभरात चार. बस्स, चारच.
पण त्या चारांवाचून बाकीचे शहाण्णव म्हणजे ओली माती.

ते चार पूर्वेकडून यायचे,
जिकडे आता रूळ आहेत, गाड्या नाहीत.

पहिल्या दिवशी मी फोलपटं जशीच्या तशी घातली.
नऊ मिनिटांत आग तळाला.
ज्वाळा पुढे पळाली, धग मागे राहिली,
नळीत डांबर बसलं,
आणि ढेप पिंपात फिरवली तर
शिळ्या बिस्किटासारखा तिचा भुगा.
दुसरी चाचणी फोल. तिसरीही.
कोर्नीय लुकिच, प्रयोगशाळेतले सर्वांत जुने,
काहीच बोलले नाहीत. उकिडवे बसून नळी खरवडत राहिले.
चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले,
"गवताला घाई असते. आधी तिची घाई जाळ."

मग झाकणाच्या डब्यात, हवा लागू न देता,
मी फोलपटं भाजली.
गोणीभर घातली, बादलीभर उरली.
हातात घेतली तर बोटांना काळं लागलं
आणि खोलीभर वास, कुणीतरी कांदा परतायला घेतल्यासारखा.
चुरीचा चौथा हिस्सा काढून तिथे ती घातली.
एकोणीस मिनिटं.
ढेप पिंपातून बाहेर आली ती ढेप म्हणूनच.

वरून पत्र आलं: तुलना कशाशी?
मूळ चाचणी जोडा, जुन्या अँथ्रासाइटची.

तो कुठून आणणार?
कोर्नीय लुकिचांच्या टेबलाखाली एक गोणी होती.
सगळ्यांना ठाऊक. विषय कुणी काढत नसे.
त्यांचा भाऊ ओव्हेर्की त्या खाणीत उतरायचा,
त्यानं पाठवलेली ती शेवटची,
आणि तिला पाय लागू नये म्हणून
हा माणूस कित्येक हिवाळे गुडघे वाकडे करून बसत आलेला.

मी पत्र वाचून दाखवलं नाही. टेबलावर ठेवलं.
दुपारी पाहते तर गोणी काट्यावर.
त्यांनीच दळली, त्यांनीच चाळली,
ठिणगीही त्यांनीच दिली.
मग आम्ही काट्यांकडे बघत उभे राहिलो,
एकेक तापमापक जागा होत गेला, वरचा, मधला, त्याखालचा.
बाविसाव्या मिनिटाला आग तळाशी पोचली.
ते पात्राजवळ हात धरून उभे होते,
थंडी नव्हती तरी.

त्यांच्या भावाची ढेप: पासष्ट.
माझी: बासष्ट.

मी खोडरबर शोधत होते, खरं सांगते.
त्यांनी वही ओढून घेतली आणि शाईनं आकडे लिहिले.
"तीन कमी," म्हणाले,
आणि आवाजात दुःख होतं की फुशारकी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
"बासष्टवर भट्टी चालते. कळव त्यांना."
रिकामी गोणी झटकून, घडी घालून, कोटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आले
तर टेबलाखाली दोन्ही पाय लांबवून बसलेले.
बिया फोडत होते,
आणि प्रत्येक टरफल, उचलून,
माझ्या डब्यात टाकत होते.